दाखल्यावरचं वय आणि अंगातलं वय

एटापल्ली तालुक्यातल्या सूरजागडच्या आसपासच्या आश्रमशाळांतली मुलं शालेय स्पर्धांत उतरतात ती 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या गटांत. गट ठरतो दाखल्यावरच्या जन्मतारखेने. आपल्याकडे खेडोपाडी कितीतरी दाखल्यांवर 1 जून हीच तारीख सापडते, कारण नाव घालताना गुरुजींनीच ती टाकलेली असते. पण तारीख अगदी खरी असली, तरी घोळ संपत नाही. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षी आणि मुलांची चौदाव्या वर्षी सर्वांत झपाट्याने वाढते. त्यात वर्ष-दोन वर्षं मागेपुढे सहज होतं. कबड्डीत समोरासमोर उभ्या तेरा वर्षांच्या दोन पोरांतला एक अंगाने पंधराचा, दुसरा अकराचा असू शकतो. संघात कोण जातो, हे सांगायला नको.

कॅनडात रुजलेली खेळाडू घडवण्याची दीर्घकालीन पद्धत इथूनच सुरू होते. लहानपणी नुसतं पळणं, उड्या, फेक, तोल. मग चार-पाच खेळांची ओळख. एकाच खेळाला वाहून घेणं त्यानंतर. यातला झपाट्याने वाढीचा मधला टप्पा ओळखायला यंत्र लागत नाही. दर तीन महिन्यांनी, सकाळीच, अनवाणी उभं करून भिंतीवर उंचीची खूण करायची. दोन खुणांतलं अंतर एकदम वाढलं, की उड्या आणि वजनाचे व्यायाम कमी करायचे. याच काळात गुडघे-टाचा दुखतात, तोल बिघडतो, चपळ पोरगं अचानक अवघडल्यासारखं खेळतं. नेमकं तेव्हाच त्याला संघातून काढलं जातं, ही मोठी चूक. वाढ मंदावली, की ताकदीचा सराव नेटाने सुरू करावा.

अपंग खेळाडूंसाठी या पद्धतीत सुरुवातीलाच दोन टप्पे जास्त आहेत: असा खेळ आहे हे कळणं, आणि मैदानावरचा पहिला दिवस चांगला जाणं. अपघाताने पाय गेलेला माणूस पस्तिसाव्या वर्षीही इथूनच सुरुवात करतो. अशा माणसालाही खेळता येणारं व्हीलचेअर कर्लिंग 2006 पासून हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये आहे. त्यात खेळाडू थांबलेल्या खुर्चीवरून काठीने सुमारे 19 किलोचा दगड बर्फावर सरकवतो, मागून साथीदार खुर्ची धरतो. दगडापुढे बर्फ घासायचा नसतो, आणि चौघांच्या संघात स्त्री-पुरुष दोन्ही हवेतच. नियम माणसाच्या मापाने बेतले, की दार उघडतं.

एटापल्लीत बर्फ कुठला! पण तिरंदाजी आहे, बसून खेळायचं व्हॉलीबॉल आहे. हात नसलेली शीतल देवी पायाने धनुष्य धरून तिरंदाजी करते. तिने राकेश कुमारसोबत 2024 च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. इकडच्या पोरांत दम नाही, असंही म्हणता येत नाही: शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी मे 2018 मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले. मात्र अशा मोहिमेसाठी मोजकेच निवडले जातात. खेळाच्या तासाला कडेला बसून इतरांच्या चपला सांभाळणारं पोर कुठल्याच निवडीपर्यंत पोहोचत नाही.

क्रीडाशिक्षकांनी पुढच्या सत्रात उंचीच्या खुणा सुरू कराव्यात आणि कडेला बसलेल्या त्या मुलाच्या हाती पहिल्याच तासाला चेंडू द्यावा.