आधी गालिचा, मग भिंतीचा रंग

सोयाबीनची काढणी आटोपली, माल बाजार समितीत पोहोचला आणि दिवाळी तोंडावर आली, की वाशीम जिल्ह्यातील घराघरांत रंगकामाचा विषय निघतो. वाशीम शहर असो वा रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा, रंगांच्या दुकानांत याच दिवसांत गर्दी असते. शेड कार्डांची पाने उलटली जातात, घरातील प्रत्येकाचे मत घेतले जाते, आणि अखेर एका बोटभर चौकोनावर बोट ठेवून पूर्ण बैठकीच्या खोलीचा निर्णय होतो. या सर्व चर्चेत एका गोष्टीचा सहसा कोणालाच आठव राहत नाही. ती म्हणजे जमिनीवर आधीपासून अंथरलेला गालिचा. रंगारी निघून जातो, सामान जागेवर येते, गालिचा पुन्हा अंथरला जातो आणि मग काहीतरी बिनसल्याची जाणीव होते. कालपर्यंत देखणा वाटणारा गालिचा मळकट दिसू लागतो, किंवा कार्डावर नाजूक भासलेली भिंत अंगावर येते. दोष कधी रंगाऱ्याला दिला जातो, कधी दुकानदाराला, तर कधी बिचाऱ्या गालिच्यालाच माळ्यावर पाठविले जाते.

वऱ्हाडच्या उन्हाळ्यात गालिचा हवाच कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. तो अगदीच गैरलागू नाही. तरीही पाहुण्यांच्या बैठकीत गालिचा अंथरण्याची हौस इथे आहेच. कुठे भदोही-मिर्झापूरकडचा हातविणीचा गालिचा जपून ठेवलेला असतो, कुठे पानिपतचा यंत्रावर विणलेला, तर कुठे जाडजूड सतरंजी. त्यांच्याखाली शहाबादी किंवा कोटा फरशी असते, नव्या घरांत चकचकीत टाइल्स असतात. रंग निवडताना या सगळ्याला एकच न्याय लागू पडतो. जे बदलता येत नाही किंवा बदलणे महागात पडते, ते आधी विचारात घ्यावे. चांगला गालिचा पंधरा-वीस वर्षे सहज टिकतो, भिंतीला मात्र चार-पाच वर्षांनी पुन्हा रंग लागतोच. शिवाय गालिचा एकच असतो, तर दुकानातील रंग मिसळण्याच्या यंत्रातून शेकडो छटा हव्या तशा मिळतात. एका गालिच्यासाठी भिंतीचा रंग शोधणे सोपे आहे. एकदा दिलेल्या रंगाशी जुळणारा गालिचा शोधत बाजार पालथा घालणे मात्र कठीण.

सर्वांत जास्त फसगत होते ती ‘मॅचिंग’ या शब्दामुळे. साडीवर ब्लाऊज शोधावा तसा गालिच्याचाच रंग भिंतीसाठी शोधला जातो. थोडे गणित मांडले, तर यातील धोका लक्षात येतो. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशा खोलीची जमीन १२० चौरस फूट भरते, पण दारे-खिडक्या धरून चारही भिंती ४४० चौरस फूट होतात. त्या खोलीत सहा बाय नऊचा गालिचा असेल, तर त्याचे क्षेत्रफळ अवघे ५४ चौरस फूट. म्हणजे गालिच्याचा मरून रंग भिंतींवर चढविला, तर तो आठपट होऊन माणसाभोवती उभा राहतो. जमिनीवर जो रंग ऊब देतो, तोच चहूबाजूंनी आला की खोली लहान आणि कोंदट वाटू लागते.

भिंतीवर पडलेल्या उजेडापैकी किती परत फिरतो, याचे शून्य ते शंभर असे एक माप रंगांच्या व्यवसायात वापरतात आणि अनेक कंपन्या ते छटेच्या माहितीत देतात. शुभ्र रंगांचे मूल्य ८० च्या वर असते, गडद मरून किंवा गडद निळ्याचे १० च्या आसपास वा त्याहूनही कमी. गालिचा गडद असेल, तर भिंत निदान ६० च्या पुढची असावी. खोली एकाच खिडकीची असेल, तर त्याहूनही वरची.

मग रंग घ्यावा कोठून? गालिच्यातूनच घ्यावा, पण त्याच्या मुख्य रंगातून नव्हे. लाल गालिच्याच्या किनारीत, वेलबुट्टीत किंवा फुलांच्या मधल्या जागेत एखादा साय, वाळू, फिकट बदाम अथवा राखाडी धागा असतोच. खोलीच्या दारात उभे राहून पाहिले तर तो नजरेतही भरत नाही, तरी साऱ्या नक्षीला धरून ठेवण्याचे काम तोच करतो. त्याची एक-दोन पायऱ्या फिकी छटा भिंतीला दिली, की गालिचा आणि भिंत यांच्यात नाते जुळते आणि ते का जुळले हे पाहणाऱ्याला सांगताही येत नाही. एरवी ज्या घरात बंजारा भरतकामाचे लालभडक, आरसे जडविलेले तोरण किंवा पट भिंतीवर लावलेले असतात, तिथे तर भिंतीने गप्पच राहावे. मानोरा तालुक्यातील पोहरादेवीमुळे हा जिल्हा बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे, आणि त्या भरतकामाची रंगांची श्रीमंती इतकी आहे की मागे रंगीत भिंत आली की दोघांचीही शोभा जाते.

शेजारचा रंग बदलला की मूळ रंगही बदललेला दिसतो, हा नुसता भास समजून सोडून देण्यासारखा नाही. त्याचा शास्त्रशुद्ध उलगडा झाला तोही विणकामाच्याच दुनियेत. पॅरिसमधील गोबलँ या प्रसिद्ध राजकीय विणकाम कारखान्यात मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ १८२४ मध्ये रंगाई विभागाचे प्रमुख झाले. त्यांच्याकडे तक्रारी आल्या होत्या. त्यांतील एक अशी, की तिथल्या काळ्या धाग्याला निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या छायेत वापरल्यावर तेज राहत नाही, तो फिका पडतो. शेव्रल यांनी धागे तपासले, तेव्हा रंगाईत खोट आढळली नाही. खोट होती शेजारात. निळ्या-जांभळ्याच्या सान्निध्यात काळ्याचा जोरच कमी भासत होता. या निरीक्षणातून त्यांनी रंगांच्या परस्परविरोधाचा नियम मांडला आणि १८३९ मध्ये त्यावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन रंग शेजारी आले, की प्रत्येक रंग दुसऱ्याला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो, असे त्या नियमाचे सार थोडक्यात सांगता येईल.

पॅरिसचा हा नियम वाशीमच्या बैठकीतही तितकाच चालतो. लालचा विरोधी हिरवा. लाल किंवा मरून गालिचा असलेल्या खोलीला पिस्ता रंग दिला, की तो कार्डावर दिसला त्यापेक्षा अधिक हिरवा आणि गालिचा अधिक लाल दिसू लागतो. पिस्ता, आकाशी आणि गुलाबी या तीन रंगांवर लहान शहरांचे इतके प्रेम का, हे एक कोडेच आहे. त्यातला पिस्ता लाल गालिच्यासोबत सर्वांत कमी जमतो, आणि नेमका तोच सर्वाधिक दिला जातो. निळ्या गालिच्याशेजारी करडी भिंत किंचित पिवळट भासते, म्हणून तिथे करड्यात निळ्याची बारीक झाक असलेली छटा घ्यावी. पांढराही याला अपवाद नाही. पांढऱ्यात पिवळसर, गुलाबी, निळसर असे अनेक पांढरे असतात. गालिच्यातील पांढरा धागा सायीसारखा असेल आणि भिंत नीळ घातल्यासारखी शुभ्र असेल, तर धागा उगाचच जुना आणि न धुतलेला वाटतो.

याच्या जोडीला प्रकाशाचा खेळ आहे, आणि तो या भागात फारच निर्णायक ठरतो. रंगकाम होते दिवाळीच्या सुमारास, दारे-खिडक्या उघड्या असताना, स्वच्छ उजेडात. पण मार्च ते जून या काळात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारभर खिडक्या बंद, पडदे ओढलेले आणि एका खिडकीत कूलर अशी अवस्था असते. वर्षातले तीन-चार महिने बैठकीची खोली अर्ध्या अंधारात असते. दिवाळीला शांत भासलेला राखी रंग मे महिन्यात उदास होतो. म्हणूनच रंग निवडताना एकदा पडदे ओढून पाहणे आवश्यक आहे.

संध्याकाळनंतर दिव्यांचे राज्य सुरू होते. जुना पिवळ्या उजेडाचा बल्ब साधारण २७०० केल्विनचा असे. आता बहुतेक घरांत लागणारे पांढरे एलईडी दिवे ६५०० केल्विनच्या आसपास असतात. पहिल्यात लाल-पिवळे रंग खुलतात, दुसऱ्यात निळे-हिरवे. त्यात आणखी एक मेख आहे. दोन पृष्ठभाग दिवसा अगदी एकरंगी दिसतात आणि दिव्याखाली वेगळे पडतात. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा रंग वेगळ्या द्रव्यांचा, भिंतीचा वेगळ्या; दोघेही प्रकाशातले निरनिराळे अंश परत पाठवितात आणि एका प्रकाशात योगायोगाने जुळलेले दुसऱ्यात जुळत नाहीत. दुकानातील ट्यूबलाइटखाली जुळविलेली छटा घरी का बिघडते, याचे उत्तर यात आहे. प्रसंगी भिंत पुन्हा रंगविण्याऐवजी दिवा बदलूनही काम भागते. तो उपाय बराच स्वस्त आहे.

गालिचा केवळ शेजारी बसत नाही, तो आपला रंग उधळतोही. खिडकीतून आलेले ऊन लाल गालिच्यावर पडले, की तिथून परतलेला तांबूस उजेड भिंतीच्या खालच्या तीन-चार फुटांवर आणि कधी छतावरही उतरतो. पांढरी भिंत खाली गुलाबी आणि वर पांढरी दिसते. अशा खोलीत निळसर पांढऱ्यापेक्षा मुळातच थोडा उबदार पांढरा बरा, त्यात हा तांबूसपणा मुरून जातो. खेड्यांतील जुन्या घरांत पांढऱ्या भिंतीच्या तळाशी गेरूचा रुंद पट्टा ओढण्याची पद्धत होती. पावसाळ्यात काळ्या मातीचे शिंतोडे झाकावेत हा त्याचा हेतू असला, तरी जमीन आणि भिंत यांच्यातील तुटकपणा तो आपोआप नाहीसा करीत असे. आजच्या बैठकीत गालिच्याच्या गडद रंगाला भिंतीवर आणायचेच असेल, तर ही जागा त्याला शोभते.

गेरूचे नाव निघालेच आहे, तर वाशीमचे एक जुने नातेही सांगायला हवे. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेच्या हरिषेण राजाच्या काळात, इसवी सनाच्या पाचव्या शतकात, अजिंठ्याची अनेक लेणी घडली. सोळाव्या लेण्यातील शिलालेखात त्याचा मंत्री वराहदेव याच्या दानाचा उल्लेख आहे. तिथल्या चित्रकारांजवळ रंग मोजकेच होते. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा आणि बाहेरून आणविलेला लाजवर्दी निळा. बहुतेक रंग मातीचेच असल्याने त्यांची आपसांत भांडणे नाहीत, आणि लेण्यातल्या मंद उजेडातही ते एकमेकांना सांभाळून घेतात. लाल-तपकिरी गालिचा असलेल्या अंधाऱ्या खोलीसाठी मातकट पिवळा किंवा अगदी फिका गेरू सुचवावासा वाटतो, तो याच कारणाने.

निर्णय अखेर घरातच घ्यायचा असतो. दुकानात गालिचा नेता येत नसला, तरी त्याच्या मागील बाजूचा किंवा झालरीचा एखादा सुटलेला धागा नेता येतो. दोन-तीन छटांचे छोटे डबे आणून दोन बाय दोन फुटांच्या पुठ्ठ्यांवर प्रत्येकी दोन हात द्यावेत आणि पूर्ण वाळू द्यावेत, कारण ओल्या आणि वाळलेल्या रंगात फरक पडतो. जुन्या भिंतीवरच नमुना रंगविला, तर भोवतालचा जुना रंग पुन्हा नजरेला फसवितो. पुठ्ठ्याचा फायदा असा की तो हलविता येतो. पुठ्ठा गालिच्याच्या कडेला, भिंतीला टेकवून उभा ठेवावा. भिंत उभी असते, तेव्हा नमुना आडवा ठेवून पाहण्यात अर्थ नाही. सकाळी, भर दुपारी पडदे ओढून आणि रात्री दिव्याखाली असे निदान दोन दिवस पाहावे. गालिच्याचे लव एका दिशेने झुकलेले असते, त्यामुळे तोच गालिचा एका टोकाकडून गडद आणि दुसऱ्याकडून फिका दिसतो. पाहुणा ज्या दारातून आत येतो, तिथून दिसणारा रंग खरा धरावा. उन्हाळ्यात कूलरच्या दमटपणामुळे गालिचा गुंडाळून ठेवण्याची पद्धत घरात असेल, तर खालच्या फरशीशीही पुठ्ठा एकदा ताडून पाहावा. कोटा फरशीत हिरवट-निळसर झाक असते आणि चार महिने भिंतीची सोबत तिलाच करायची असते.

काम सुरू होण्यापूर्वी गालिचा खोलीतून पूर्ण बाहेर काढावा, नुसता प्लास्टिकने झाकून भागत नाही. भिंती घासताना उडणारी धूळ लवेत खोल बसते. घर जुने असेल तर ती धूळ निरुपद्रवीही नसते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपेक्षा अधिक नसावे, हा नियम भारतात १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटच्या थरांत शिसे असू शकते, आणि गालिच्यावर रांगणाऱ्या मुलांच्या हातातोंडाशी ते पोहोचते. म्हणून कोरडे घासण्याऐवजी ओले घासावे, मुलांना त्या दिवसांत दूर ठेवावे. काळ्या मातीवरच्या घरांच्या भिंतींना ऋतूगणिक भेगा जातात, त्या रंगापूर्वी भरून घ्याव्यात; चकाकणारा गडद रंग प्रत्येक भेग आणि उंचवटा दाखवितो, मंद चकाकीचा फिका रंग बराच लपवितो. कूलरजवळची ओल थांबल्याशिवाय त्या भिंतीला हात लावण्यात पैसे वाया जातात. काम झाल्यावर भिंती वाळून वास जाईपर्यंत दोन-तीन दिवस गालिचा बाहेरच राहू द्यावा, आणि उरलेल्या डब्यावरील छटेचा क्रमांक एका कागदावर उतरवून तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवावा.