‘एल रेफुहिओ’ आणि काचेपलीकडची मुलं

मायामीतल्या बिस्केन बुलेव्हार्डवर, बंदराच्या समोर, एक पिवळसर मनोरा आहे. शेजारच्या नव्या टोलेजंग इमारतींमुळे तो आता बुटका वाटतो. 1925 साली ‘मायामी न्यूज’ या वर्तमानपत्राच्या कचेरीसाठी तो बांधला, तेव्हा शहरात त्याच्याइतकं उंच फारसं काही नव्हतं. नमुना घेतला होता स्पेनमधल्या सेव्हिया शहरातल्या हिराल्दा मनोऱ्याचा. वर्तमानपत्र तिथून हललं आणि 1962 मध्ये अमेरिकन सरकारने ही जागा क्यूबातून येणाऱ्या निर्वासितांसाठी घेतली. नाव पडलं ‘फ्रीडम टॉवर’. क्यूबन माणसं मात्र त्याला ‘एल रेफुहिओ’ म्हणत, म्हणजे आसरा. 1974 पर्यंत इथे नावं नोंदवली गेली, तब्येती तपासल्या गेल्या, चीज आणि दुधाची पावडर वाटली गेली.

आज तो राष्ट्रीय स्मारक आहे, मायामी डेड कॉलेजच्या ताब्यात आहे. पण इथल्या रांगेत उभ्या राहिलेल्या कितीतरी आईबापांची मुलं त्यांच्या आधीच अमेरिकेत पोचली होती, एकटी. मनोरा पाहताना ती आधी आठवायला हवीत.

26 डिसेंबर 1960 ते ऑक्टोबर 1962 या जेमतेम बावीस महिन्यांत 14,048 मुलं आईवडिलांविना हवानाहून अमेरिकेत आली. जगाला हे कळायला बराच वेळ लागला. कळलं तेव्हा त्याला ‘पेद्रो पान’ हे नाव मिळालं, पीटर पॅनचं स्पॅनिश रूप. ब्रायन वॉल्श नावाचे आयरिश वंशाचे कॅथलिक धर्मगुरू मायामीत या मुलांची व्यवस्था पाहत. हवानातल्या रस्टन अकॅडमीचे मुख्याध्यापक जेम्स बेकर यांनी तिकडची बाजू सुरू केली. अमेरिकेचा दूतावास 1961 च्या जानेवारीत बंद झाल्यावर व्हिसा मिळेना. मग व्हिसाची अट माफ करणारं पत्र चालू लागलं. सोळा वर्षांखालच्या मुलांना ते देण्याचा अधिकार परराष्ट्र खात्याने वॉल्श यांना दिला होता. क्यूबाचे माजी राष्ट्राध्यक्ष ग्राउ यांची पुतणी पोलिता आणि पुतण्या रामोन यांनी ही पत्रं गुपचूप घराघरांत पोचवली. दोघांनाही 1965 मध्ये अटक झाली. पोलिता सुटली ती 1978 मध्ये.

आईबापांनी पोटचं पोर परक्या देशात एकटं का पाठवलं? कास्त्रोचं क्रांती सरकार मुलांवरचा पालकांचा हक्क काढून घेणार, त्यांना रशियाला नेणार, अशी अफवा होती. असा कायदा कधीच झाला नाही. ती बातमी रेडिओ स्वानवरून पसरवली जात होती, आणि हे केंद्र सीआयएचं होतं. तरी या आईबापांना भोळसट म्हणणं मला पटत नाही. खाजगी शाळा सरकारने ताब्यात घेतल्या होत्या, साक्षरता मोहिमेसाठी शहरी मुलांना डोंगरात पाठवलं जात होतं, ओळखीतली माणसं तुरुंगात जात होती. अफवेला रुजायला जमीन तयार होती. आणि प्रत्येकाला वाटत होतं, चार-सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे. कास्त्रो टिकणार नाही.

हवानाच्या विमानतळावर प्रवाशांना बसवायला काचेची खोली होती. लोक तिला ‘ला पेसेरा’ म्हणत, माशांची काचपेटी. मूल एकदा आत गेलं की बाहेर येणं नाही. सैनिक सामान उपसत, अंगावरचे दागिने काढून घेत. काचेपलीकडे आई दिसे, तिचे ओठ हलताना दिसत, आवाज येत नसे. पुढे म्हातारपणी लिहिताना, बोलताना यांतले कितीतरी जण पुन्हा याच काचेपाशी येऊन थांबतात.

पाऊण-एक तासात मायामी. उतरल्यावर ‘जॉर्ज’ला विचारायचं, एवढंच मुलांना बजावलेलं असे. हॉर्हे ग्वार्च हा तो जॉर्ज. तो वहीत मुलाचं नाव टिपून घेई. अंदाजे निम्म्या मुलांना न्यायला नातेवाईक किंवा ओळखीचं कुणी येई. उरलेल्यांची रवानगी छावणीत. मोठे मुलगे मॅटेकंबेला, पाइनच्या रानात. तिथे इमारती कमी पडल्या तेव्हा तंबू ठोकले. मुली आणि लहान पोरं शहरापासून दूर दक्षिणेला, फ्लोरिडा सिटीत. ही छावणी म्हणजे दुमजली घरांची साधी वसाहत होती. प्रत्येक घरात एक क्यूबन जोडपं आईबापाच्या जागी.

छावण्यांत निदान भाषा आपली होती. जागा अपुरी पडू लागली तशी मुलं देशभर विखुरली: कुणी परक्या कुटुंबात, कुणी अनाथाश्रमात, ज्यांनी बर्फ कधी पाहिलं नव्हतं ती आयोवात नि मोंटानात. काहींना मायेची माणसं मिळाली. काहींना मार मिळाला, त्याहून वाईटही. आना मेंदिएता बारा वर्षांची असताना बहिणीबरोबर आयोवातल्या डब्यूकला पोचली. आई 1966 मध्ये आली, वडील तुरुंगवास भोगून 1979 मध्ये. ही मुलगी पुढे मोठी कलावंत झाली. मातीत, गवतात, वाळूत ती स्वतःच्या देहाचा आकार उमटवत असे आणि तो तसाच विरू देत असे.

ऑक्टोबर 1962 मध्ये क्यूबातल्या क्षेपणास्त्रांवरून अणुयुद्धाचं सावट आलं आणि विमानं थांबली. चार-सहा महिन्यांचा हिशेब तिथेच कोलमडला. तीन वर्षं दोन्हीकडून फक्त पत्रं, आणि क्वचित लागणारा फोन. 1 डिसेंबर 1965 ला वारादेरोहून नवी विमानसेवा सुरू झाली. तिच्यात अमेरिकेत मुलं असलेल्या आईबापांना पहिला मान होता. या विमानांतून उतरलेली माणसं मग ‘एल रेफुहिओ’च्या रांगेत येऊन उभी राहिली.

दहा वर्षांचा मुलगा आता चौदा-पंधराचा झालेला. आवाज फुटलेला, उंची वाढलेली. लहानपणीच दूरच्या राज्यात गेलेली काही मुलं तर स्पॅनिश विसरली होती. आई बोले ते त्यांना धड कळत नसे, आणि या वेळी मध्ये काचही नव्हती.