संशोधनाचा हात

हल्लीं बऱ्याच सुशिक्षित कुटुंबांत एखादा मुलगा अथवा सून महाविद्यालयांत अध्यापक असते, आणि रात्रीं घरांत निजानीज झाल्यावर पीएच. डी.च्या प्रबंधाचें लेखन चालतें. ‘किती पानें झालीं?’ असें वडील माणसें कौतुकानें विचारतात. आमच्या मतें, मूळ साधन किती वेळां हाताळलें, हें विचारावें.

संशोधन हें आधीं हाताचें काम आहे, मग बुद्धीचें. याचें प्रमाण पुण्यासच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम १९१९ सालीं हातीं घेतलें. १९२५ सालीं प्रमुख संपादकत्व डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांजकडे आलें. ते केंब्रिजला गणित शिकलेले, व पुढें बर्लिनला संस्कृतांत तयार झालेले. त्यांच्या देखरेखीखालीं पोथ्या ताडण्याची रीत अशी : उभ्याआडव्या रेघा आखलेल्या कागदावर प्रचलित संहितेंतील श्लोक, प्रत्येक अक्षराला स्वतंत्र घर देऊन, लिहावयाचा. त्याखालीं प्रत्येक पोथीला एक ओळ. पोथींत जें अक्षर निराळें असेल तें बरोबर त्याच्या घराखालीं उतरावयाचें. समासांतील दुरुस्त्या, अधिक श्लोक इत्यादींकरितां उजवीकडे चार इंच जागा राखलेली. एकेक श्लोक निदान दहा पोथ्यांशीं ताडला जाई. शारदा, बंगाली, तेलुगु, मल्याळम्, लिपि निरनिराळ्या! आपणांस आवडलेला सरस पाठ पदरचा घालण्याची मुभा कोणासही नव्हती. सुकथनकर १९४३ सालीं निवर्तले. काम १९६६ सालीं पुरें झालें.

हा हात पंडितांनाच लाभतो असें नाहीं. फर्ग्युसन महाविद्यालयांत गणित शिकविणाऱ्या दामोदर कोसंबींनीं भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सित आवृत्ति १९४८ सालीं प्रसिद्ध केली. पांडुरंग वामन काणे हे व्यवसायानें वकील. व्यवहारमयूखाला प्रस्तावना जोडावी, एवढाच त्यांचा मूळ बेत. त्यांतून धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पांच खंड १९३० ते १९६२ या अवधींत बाहेर पडले.

आतां अध्यापकांसाठीं संशोधनपद्धतीच्या कार्यशाळा भरतात, व्याख्यानें होतात, शेवटीं प्रमाणपत्र मिळतें. २०१८ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले. त्यांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्यास दंड नाहीं. नियम योग्यच, परंतु शब्द फिरवून टक्के उतरवून देण्याचा धंदाही मागोमाग उभा राहिला! यंत्रास शब्दांचें साम्य दिसतें. मूळ कागद लेखकानें पाहिला कीं नाहीं, हें त्यास दिसत नाहीं. दिवसभर नोकरी व वर प्रबंधाची मुदत, अशा कात्रींत सांपडलेल्या अध्यापकास आम्ही सर्वस्वीं दोष देत नाहीं. तथापि कार्यशाळेंतील निदान दोन दिवस व्याख्यान बंद ठेवून प्रत्येकाच्या हातीं एकेक मूळ साधन द्यावें : वैद्याला रुग्णांच्या नोंदी, इतिहासाच्या अध्यापकाला मोडी कागद, अर्थशास्त्राच्या अध्यापकाला जनगणनेचीं कोष्टकें.

घरींही हा अभ्यास होण्यासारखा आहे. माळ्यावर एखादी हस्तलिखित पोथी असेल तर ती उतरवावी, रेघा आखाव्या, आणि छापील प्रतीशीं एक अध्याय अक्षरशः ताडून पहावा. वाचून दाखविण्यास घरांतील वडील माणसांनीं बसावें. पहिल्या दिवशीं दहा श्लोकांपलीकडे काम जात नाहीं.