सकाळचा आवाज आणि टॅपेटवर येणारा आळ

रात्रभर उभी असलेली मोटरसायकल सकाळी सुरू केली की इंजिनातून टकटक ऐकू येते आणि शेजारचं कोणीतरी लगेच सांगतं, "टॅपेट वाजतायत, आवळून घ्या." गाडी गॅरेजला पोचेपर्यंत आवाज गेलेला असतो. टॅपेट मात्र आवळले जातात. अशाने धडधाकट इंजिनं बिघडतात, म्हणून हे नीट समजून घ्यायला हवं.

आधी इंजिन 'थंड' असणं म्हणजे काय ते. हा आवाज फक्त निफाडच्या कडाक्यातच येतो असं नाही, तो नागपुरात मे महिन्यातही येतो. रात्रभरात ऑइल खाली चेंबरमध्ये उतरतं. इंजिन सुरू झाल्यावर पंपाने ते वर हेडपर्यंत पोचवायला क्षण-दोन क्षण लागतात, आणि तेवढा वेळ कॅम आणि रॉकर जुन्या पातळ थरावरच फिरतात.

मग वाजतं ते टॅपेटच का? बऱ्याचदा नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं. त्यामुळे लोखंडी लायनरमधला ॲल्युमिनियमचा पिस्टन थंड असताना थोडा सैल असतो आणि भिंतीवर आपटतो. इंजिन तापेल तसा हा आवाज विरत जातो. टायमिंग चेनचा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालणारा असेल, तर दाब येईपर्यंत इंजिनाच्या एका कुशीतून खडखड येते आणि लगेच थांबते. सायलेन्सरचा बेंड पाईप हेडला जिथे जोडलेला असतो तिथलं गॅस्केट गेलं असेल तर हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक होते. धातू तापून फट मिटली की तीही बंद होते, पण जोडाभोवती काळी काजळी दिसते. रॉयल एनफील्डच्या यूसीई इंजिनात तर टॅपेट हायड्रॉलिक आहेत. रात्री त्यांतलं ऑइल झिरपून जातं म्हणून ते सुरुवातीला वाजतात, आणि त्यांना आवळायला स्क्रूच नसतो.

म्हणजे आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कधी सुरू होतो, कुठून येतो आणि कधी थांबतो, हे महत्त्वाचं.

"टॅपेट मुळीच वाजता कामा नये" हा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज. टॅपेटमधली बारीक फट मुद्दाम ठेवलेली असते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद असताना सीटवर टेकतो आणि आपली उष्णता हेडला देतो. तापल्यावर त्याची दांडी लांबते. टॅपेट आवळून फटच उरली नाही तर तो पुरता टेकत नाही, जळता वायू कडेने निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. मग कॉम्प्रेशन पडतं, गाडी ओढत नाही. हलकी टिकटिक करणारा टॅपेट परवडला. फट मोजायची ती इंजिन पूर्ण थंड असताना, फिलर गेजने, कंपनीने दिलेल्या मापाप्रमाणे. नुसत्या कानाने नव्हे.

जाड ऑइल टाकून आवाज दाबणंही चुकीचं. 10डब्ल्यू-30 सांगितलेल्या इंजिनात 20डब्ल्यू-50 भरलं तर थंडीत ते आणखी घट्ट राहतं आणि वर पोचायला जास्त वेळ घेतं. सुरू करताच रेस करणं त्याहून वाईट, कारण पुरेसं ऑइल पोचण्याआधीच भागांवर ताण येतो. दहा मिनिटं उभी तापवत ठेवायचीही गरज नाही. अर्धा-एक मिनिट थांबून पहिले दोन-तीन किलोमीटर सौम्य चालवा.

एप्रिल 2020 नंतरच्या बहुतेक बीएस-6 गाड्यांत चावी फिरवताच येणारी बारीक घूं फ्युएल पंपाची असते. तो बिघाड नव्हे.

"गरम झाल्यावर थांबतो, म्हणजे काळजी नाही" हेही अर्धंच खरं. दोन सेकंदांची खडखड आठवड्यागणिक लांबत असेल, तर चेन किंवा टेन्शनर झिजतोय. मेकॅनिकला दाखवायचं तर गाडी आदल्या संध्याकाळीच त्याच्याकडे ठेवा, म्हणजे सकाळी पहिला स्टार्ट तोच मारेल. तेही जमत नसेल तर फोनवर रेकॉर्ड करा. त्याआधी गाडी सरळ उभी करून ऑइलची पातळी बघा, कारण कमी ऑइलमुळे यांतला जवळपास प्रत्येक आवाज वाढतो. आणि इंजिन तापेल तसा खालून खोल, जड ठोका वाढत असेल, तर तो क्रँक किंवा कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. ती गाडी चालवत नेऊ नका, टेम्पोत घालून न्या.