आठवण जाते, सवय उरते

जिनिव्हाच्या एदुआर क्लापारेद या मानसशास्त्रज्ञाने १९११ साली एक प्रयोग नोंदवून ठेवला. त्यांची एक रुग्ण त्यांना रोज नव्याने भेटायची, कालचं काहीच लक्षात नसायचं. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. पुढच्या वेळी बाईंनी हात मागे घेतला. का, ते मात्र सांगता येईना.

तिचा आजार होता कोर्साकोफ सिंड्रोम. वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्यांमध्ये तो अधिक आढळतो. जेवण सुटतं, आतडी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, नीट शोषत नाहीत, आणि त्याविना मेंदूला ग्लुकोज वापरता येत नाही. आधी झोक जातो, डोळे नीट हलत नाहीत, भ्रम होतो. घरचे म्हणतात, ‘जास्त झालीय.’ खरं तर तेव्हाच थायमिनची इंजेक्शनं हवीत. ती वेळ हुकली की नव्या आठवणी साठवणारे मेंदूतले भाग कायमचे दुखावू शकतात.

दारू थांबली, आहार सुधारला, तर सुधारणा कित्येक महिने चालू राहू शकते. हा सगळा काळ जातो घरात, आणि घरच्यांना कुणी फारसं काही शिकवलेलं नसतं. ‘सकाळी काय खाल्लंस, आठव बघू!’ अशी परीक्षा घेतली जाते. आठवत नाही म्हणून रुग्ण काहीतरी जुळवून सांगतो. बायकोला ती थाप वाटते. वर्षानुवर्षं थापाच ऐकल्यावर दुसरं काय वाटणार? पण इथे फसवण्याचा हेतू नसतो. मेंदू रिकामी जागा भरून काढतो, आणि बोलणाऱ्याला ते खरंच वाटतं.

ॲलन बॅडली आणि बार्बरा विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ साली दाखवलं की अशा विस्मरणात चुकत-चुकत शिकणं घातक ठरतं. आपल्याला चूक ‘चूक’ म्हणून आठवते. अशा रुग्णाला ती आठवत नाही, पण तिची सवय मात्र लागते. म्हणून अंदाज करायला लावायचंच नाही. गोळ्यांचा डबा रोज त्याच फळीवर, चहाच्या पायऱ्या त्याच क्रमाने, प्रत्येक पायरी आधी सांगून. जमेल तशी मदत एकेक पायरीने कमी करायची.

आपल्याकडचं व्यसनमुक्तीचं समुपदेशन बरंचसं आठवणीवर उभं असतं: काय घडलं, काय ठरवलं. इथे दारू सोडल्याचंच लक्षात नसेल, तर शपथा घेऊन काय उपयोग? घरात बाटली नको, खिशात जास्त पैसे नकोत, आणि ओळखीच्या दुकानदारापासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना कल्पना हवी.

अशा शिकवण्याला मर्यादाही आहे. असं शिकलेलं बरंचसं त्या जागेलाच चिकटून राहतं. स्वतःच्या ओट्याशी सराईतपणे चहा करणारा माणूस बहिणीकडे गेला की गॅसपाशी नुसता उभा राहू शकतो. तेव्हा घर बदलायचंच असेल, तर सगळं पुन्हा पहिल्या पायरीपासून शिकवायची तयारी ठेवावी.