बोर्ड उत्तर देत नाही तेव्हा

आर्डुइनोवर कोड चढवताना पडद्याच्या तळाशी लाल अक्षरं उमटतात: ‘नॉट इन सिंक’. तेच वाक्य दहा वेळा, एकाखाली एक. मुलांचा निष्कर्ष ठरलेला असतो, “बोर्ड गेला.” मग तो बोर्ड खराब मालाच्या डब्यात जातो आणि सहसा तिथून बाहेर येत नाही. सिल्वासात असा डबा भरू देणं परवडणारं नाही. पुण्यात तपकीर गल्ली आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोड आहे. इथून आधी वापी गाठायचं, मग गाडी पकडायची, म्हणजे दिवस गेलाच. शिवाय त्या डब्यातले कितीतरी बोर्ड धडधाकट असतात, हे मला कळकळीनं सांगायचं आहे.

इथल्या पिपरिया, मसाट, खडोलीच्या कारखान्यांत मशीन थांबलं, तर मुरलेला मेंटेनन्सवाला लगेच कार्ड बदलायला घेत नाही. तो आधी सप्लाय बघतो, मग वायरिंग, मग सेन्सर. प्रोग्रामला हात सगळ्यात शेवटी. कोड चढत नसेल तर हाच क्रम धरावा.

पण त्याआधी चूक कुठल्या टप्प्यावर झाली ते पाहा. ऊनो बोर्डासाठी ‘ब्लिंक’ हा सोपा प्रोग्राम तयार झाला की खाली ओळ येते: ९२४ बाइट वापरले, कमाल मर्यादा ३२,२५६. ही ओळ दिसली, तर तुमच्या कोडचं भाषांतर नीट झालं आहे. तरीही मुलं अर्धविराम शोधत बसतात आणि चालणारा कोड बिघडवून ठेवतात. दोष आता संगणक आणि बोर्ड यांच्यामधल्या वाटेवर शोधायचा.

पहिली संशयित म्हणजे केबल. यूएसबीत मूळच्या चार तारा: दोन विजेच्या, दोन माहितीच्या. मोबाइल चार्जरबरोबरच्या काही केबलींत माहितीच्या तारा नसतातच. बोर्डावरचा दिवा छान लागतो, म्हणून केबलवर शंकाच येत नाही. केबल लावल्यावर पोर्टच्या यादीत नवं नाव आलं नाही, तर आधी केबल बदला. तरीही नाव नाही आलं, तर ड्रायव्हर बघा. स्वस्त बोर्डांवर यूएसबीसाठी बहुधा चीनमधल्या नानजिंगच्या डब्ल्यूसीएच कंपनीची सीएच ३४० ही चिप असते आणि विंडोजवर तिचा ड्रायव्हर कधीकधी वेगळा टाकावा लागतो. पोर्ट दिसतो पण ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतं, तेव्हा दुसऱ्या खिडकीतला सिरियल मॉनिटर किंवा दुसरा प्रोग्राम तो पोर्ट अडवून बसलेला असतो. लिनक्सवर ‘परमिशन डिनाइड’ आलं, तर आपलं नाव ‘डायलआउट’ गटात घालून पुन्हा लॉगिन करावं.

आता ती लाल अक्षरं. आर्डुइनोचा जन्म २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावच्या डिझाइन संस्थेत झाला. मासिमो बान्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इंजिनिअर नसलेल्या विद्यार्थ्यांसाठी स्वस्त, सोपा बोर्ड हवा होता. वेगळा प्रोग्रामर लागू नये म्हणून चिपच्या मेमरीतच ‘बूटलोडर’ हा छोटा प्रोग्राम बसवलेला असतो. ऊनोत तो ५१२ बाइट जागा घेतो; ३२,७६८ मधून ते वजा केले की वरचा ३२,२५६ हा आकडा मिळतो. मात्र आत कोड पोहोचवण्याचं काम संगणकावरचा ‘एव्हीआरड्यूड’ हा प्रोग्राम करतो, आणि ते हत्यार इंजिनिअरांसाठी लिहिलेलं आहे. संदेश दुर्बोध वाटतो तो त्यामुळे. मराठी माध्यमातल्या मुलाला तर तो दुप्पट परका. त्याचा अर्थ एवढाच: संगणकानं हाक मारली, समजेल असं उत्तर आलं नाही. संगणक हेक्साडेसिमलमध्ये ३० आणि २० हे दोन बाइट पाठवतो आणि १४ व १० परत येण्याची वाट पाहतो. बस्स.

इथे डोळे बोर्डावर हवेत. ‘अपलोड’ दाबल्यावर संगणक एका छोट्या कपॅसिटरमधून बोर्डाला रीसेट देतो. ऊनोवरचा ‘एल’ नावाचा दिवा भराभर लुकलुकतो आणि पुढचा जेमतेम सेकंद बूटलोडर जागा असतो. ‘एल’ लुकलुकलाच नाही, तर रीसेट पोहोचत नाही असं समजा. ‘अपलोडिंग’ दिसताच रीसेटचं बटण हातानं दाबून सोडा. वेळ साधली तर कोड चढतो.

‘एल’ लुकलुकतो आणि तरी उत्तर नाही? मेनूत निवडलेला बोर्ड तपासा. नॅनो या बोर्डाबाबत ही चूक फार होते. जुना बूटलोडर सेकंदाला ५७,६०० बिट या वेगानं बोलतो, नवा १,१५,२०० या वेगानं. बाजारातल्या अनेक नॅनोंत अजून जुनाच असतो. ‘प्रोसेसर’च्या यादीत ‘ओल्ड बूटलोडर’ निवडलं की मेला म्हणून ठेवलेला नॅनो क्षणात बोलू लागतो. मग शून्य आणि एक क्रमांकाच्या पिना बघा. यूएसबीची माहिती याच पिनांवरून चिपकडे जाते. तिथे ब्लूटूथ मॉड्यूल जोडलेलं असेल, तर दोघांचं बोलणं एकमेकांत मिसळतं. अपलोडपुरत्या त्या तारा काढाव्यात.

ईएसपी ३२ या बोर्डाची तऱ्हा वेगळी. ‘कनेक्टिंग’पुढे ठिपके पडत राहिले, तर ‘बूट’ बटण दाबून धरावं.

इतकं करूनही बोर्ड गप्प असेल, तर एक चाचणी मला फार आवडते. बाकी सगळी जोडणी काढा, रीसेटची पिन ग्राउंडला जोडा आणि शून्य व एक या पिना एका तारेनं एकत्र करा. सिरियल मॉनिटर उघडून एखादं अक्षर पाठवा. तेच अक्षर परत आलं, तर केबल, ड्रायव्हर, यूएसबीची चिप सगळं ठीक; दोष मुख्य चिपमध्ये किंवा तिच्या बूटलोडरमध्ये. काहीच परत आलं नाही, तर वाट मुख्य चिपच्या अलीकडेच तुटली आहे.

आणि बूटलोडर पुसला गेला असेल, तर तोही परत बसवता येतो. दुसऱ्या चालू ऊनोवर ‘आर्डुइनोआयएसपी’ हा तयार प्रोग्राम चढवा. त्याच्या ११, १२, १३ या पिना आजारी ऊनोच्या त्याच पिनांना आणि १० वी पिन त्याच्या रीसेटला लावा. पाच व्होल्ट व ग्राउंडही जोडा. चालू बोर्डाच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवा, त्याचं ऋण टोक ग्राउंडला. ‘प्रोग्रामर’ म्हणून मात्र ‘आर्डुइनो अ‍ॅज आयएसपी’ निवडा आणि ‘बर्न बूटलोडर’ दाबा. या पायरीला चिपची सही, म्हणजे तिचा ओळख-संकेत, वाचता आली नाही, तर जोडणी पुन्हा एकदा तपासून मगच बोर्ड त्या डब्यात टाकावा.