बोट घेणे आणि बोट सांभाळणे



गेल्या नाताळपासून वेगवेगळ्या मंडळ्यांकडून एकच प्रश्न आमच्याकडे येतो आहे. "नर्मदाकाठच्या सेवेसाठी आम्ही आणखी एक बोट घेऊन दिली तर?" जळगावच्या एका महिला मंडळाने तर वर्गणी गोळा करायला सुरुवातही केली आहे. या प्रेमाबद्दल देवाचे आभार मानते. मात्र होकार देण्यापूर्वी बोट बाळगणे म्हणजे नेमके काय, हे आपणा सर्वांसमोर मांडावे असे वाटले. लूककृत शुभवर्तमानाच्या १४व्या अध्यायात प्रभू येशूने बुरूज बांधणाऱ्या माणसाचा दाखला दिला आहे. तो आधी बसून खर्चाचा हिशेब करतो. आपणही तसेच करू या.

बोट का लागते

धुळ्याच्या मंडळीला नदी म्हणजे पांझरा, उन्हाळ्यात चालत ओलांडता येईल अशी. जळगावच्या लोकांनी चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर हतनूर धरणाचे पाणी पसरलेले पाहिले असेल. नर्मदेचे चित्र याहून वेगळे आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर सुमारे ५४ किलोमीटर नर्मदा वाहते. सरदार सरोवरामुळे तिथे आता नदीच्या जागी लांबच लांब जलाशय आहे. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली ३३ गावे या पाण्याने बाधित झाली. मणिबेली, चिमलखेडी, डनेल, भूषा ही नावे आपण प्रार्थनेत ऐकली असतील. अनेक कुटुंबांचे पुनर्वसन झाले. जे डोंगरावर वर सरकून राहिले, त्यांचे पाडे पाण्याने एकमेकांपासून तुटले. काही पाड्यांना रस्ता नाही. बाजार, रेशन, शाळा, दवाखाना यांची वाट पाण्यावरूनच जाते.

शासनाचा तरंगता दवाखाना आणि बोट अँब्युलन्स या गावांसाठी आहेत. २०२० साली टाळेबंदीत चिमलखेडीच्या एक अंगणवाडी सेविका मासेमाराची होडी मागून घेऊन स्वतः वल्हवत निघाल्या आणि बालकांना व गरोदर मातांना आहार पोहोचवत राहिल्या. ही बातमी देशभर गेली. आसाममध्ये ब्रह्मपुत्रेच्या बेटांवर २००५ पासून बोट क्लिनिक चालते. म्हणजे बोटीने सेवा होते, यात शंका नाही. सर्प चावलेल्या मुलाला झोळीत घालून चार तास डोंगर चढायचा की पाऊण तासात पाण्यावरून रस्त्याच्या टोकाला पोहोचवायचे, हा फरक जीवन-मरणाचा असतो. म्हणूनच बोट वेळेवर सुरू झालीच पाहिजे.

पाणी स्थिर राहत नाही

या जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये तो पहिल्यांदा तिथवर भरला. पावसाळ्यानंतर भरलेले पाणी आणि उन्हाळ्यात उतरलेले पाणी यांत पंधरा-वीस मीटर उंचीचा फरक पडू शकतो. पाच मजली इमारतीएवढा हा फरक आहे. त्यामुळे कायमचा धक्का बांधता येत नाही. आज बोट जिथे लागते, तिथे महिन्याने कोरडा उतार असतो आणि त्याच्यापुढे गुडघाभर गाळ. बाळंतिणीला त्या गाळातून उचलून आणावे लागते.

बोट बांधण्याचेही शास्त्र आहे. दोर आखूड ठेवला आणि रात्री पाणी चढले, तर बोटीचे नाक खाली ओढले जाऊन आत पाणी शिरते. पाणी उतरले, तर बोट खडकावर तिरकी अडकते आणि सकाळी आठ माणसांशिवाय हलत नाही. म्हणून दोर लांब ठेवावा लागतो आणि जवळच्या घरातल्या कोणीतरी रोज संध्याकाळी तो पाहावा लागतो. हे काम कोणत्याही पावतीवर दिसत नाही.

पाण्याखाली बुडालेल्या जंगलाची आणि शेतांच्या बांधांवरची खोडे अजून उभी आहेत. पातळी उतरली की ती पृष्ठभागाच्या हातभर खाली येतात आणि दिसत नाहीत. कुठे कोणाचे शेत होते, कुठे मोहाचे झाड होते, हे ज्याला लहानपणापासून माहीत आहे तोच नावाडी तिथून सुखरूप नेतो. शहरातून आणलेल्या चालकाला ते शिकवता येत नाही.

बोटीचे अंग

लाकडी नाव गावातच दुरुस्त होते, ही तिची मोठी सोय. पण दरवर्षी ती पाण्याबाहेर काढून वाळवावी लागते, फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून डांबर लावावे लागते. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात नोहाला तारवाला आतून-बाहेरून डांबर लावण्याची आज्ञा झाली होती. ते काम आजही चुकलेले नाही. इंग्लंडमध्ये जुन्या कालव्यांवर लोखंडी बोटींतून राहणारे लोक आहेत. तेही दर दोन-तीन वर्षांनी बोट बाहेर काढून तळाला काळा डांबरी लेप देतात आणि दर चार वर्षांनी सुरक्षा तपासणी करून घेतात.

आपल्या सेवेकडे आहे ती लहान बोट फायबरची आहे. ती कुजत नाही, गंजत नाही, हलकी असते. पण खडकावर घासून वरचा थर गेला की आत पाणी मुरते आणि तडा वाढतो. तो भाग पूर्ण वाळवून, घासून, फायबरची जाळी आणि रेझिन लावून बुजवावा लागतो. रेझिन पावसाळी हवेत नीट धरत नाही. म्हणून ही दुरुस्ती उन्हाळ्यात ठरवूनच करावी लागते.

मशीन आणि तेल

बोटीच्या मागे टांगलेले मशीन हा सर्वांत नाजूक भाग. ते जलाशयाचेच पाणी ओढून स्वतःला थंड ठेवते. चालू असताना मागून पाण्याची बारीक धार पडत राहिली पाहिजे. गाळाने ती वाट बंद झाली आणि नावाड्याचे लक्ष नसले, तर काही मिनिटांत मशीन तापून बसते. आतली रबरी चक्री झिजते, ती वेळेवर बदलायची. पंखा खोडावर आपटला की एक लहान पिन मुद्दाम तुटते, म्हणजे आतले दाते वाचतात. या पिना आणि पाना नेहमी बोटीतच असावे लागतात. गेल्या पावसाळ्यात अंधार पडताना आमची पिन तुटली. सुटी पिन डब्यात होती म्हणून पंधरा मिनिटांत पुढे निघालो. नसती, तर गरोदर बहिणीसह रात्र पाण्यावर गेली असती.

पंचवीस अश्वशक्तीचे मशीन पूर्ण वेगाने तासाला साधारण दहा लीटर पेट्रोल घेते. वेग अर्धा ठेवला तर खर्च निम्म्याच्या आसपास येतो. पाड्यांजवळ पंप नाही. पेट्रोल धडगाव किंवा अक्कलकुव्याहून कॅनमधून जीपने आणायचे, घाटातून उतरवायचे. आमच्या मशीनला त्यात लीटरमागे २० मिलिलीटर ऑइल मिसळावे लागते. कॅनमध्ये थोडे पाणी गेले तरी मशीन मध्येच बंद पडते, म्हणून प्रत्येक वेळी गाळून भरतो.

माणसे आणि नियम

एका नावाड्यावर बोट चालत नाही. होळीचे दिवस असतात, घरात लग्न असते, ताप येतो, ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जावे लागते. किमान दोघे तयार हवेत आणि त्यांना नियमित मानधन हवे. यंत्रावर चालणाऱ्या बोटीसाठी कायदाही आहे. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी अंतर्देशीय जहाजांचा २०२१ चा कायदा आला आहे. त्यानुसार बोटीची तपासणी, नोंदणी, विमा आणि चालवणाऱ्याचे प्रमाणपत्र ही कागदपत्रे लागतात. ती वेळोवेळी नवी करावी लागतात, आणि प्रत्येक वेळी कोणाला तरी कामाचा दिवस मोडून जावे लागते.

सर्वांत कठीण नियम मात्र माणसे मोजण्याचा आहे. १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, भूषाजवळ नर्मदेत माणसांनी खचाखच भरलेली बोट उलटली. अनेकांचा अंत झाला, त्यांत लहान मुलेही होती. त्या घरांचे दुःख आजही ताजे आहे. बाजाराच्या दिवशी धान्याची पोती, बकऱ्या, पाहुणे सर्व काठावर उभे असतात. "दादा, आम्हालाही ने" असे आपलाच काका म्हणतो, तेव्हा नाही म्हणणे सोपे नसते.

यावर एक जुना उपाय आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडचे खासदार सॅम्युअल प्लिम्सॉल यांनी खलाशांच्या जिवासाठी संसदेत लढा दिला आणि १८७६ च्या कायद्याने जहाजाच्या अंगावर भार दाखवणारी रेघ काढणे बंधनकारक झाले. आम्हीही बोटीच्या दोन्ही बाजूंना पांढरी रेघ मारली आहे. रेघ पाण्याखाली गेली की बोट सुटत नाही. आता नावाड्याला कोणाला नाही म्हणावे लागत नाही, तो फक्त रेघेकडे बोट दाखवतो. जीवरक्षक जाकिटे मात्र मुलांच्या मापाची कमी आहेत. मोठ्यांचे जाकीट लहान मुलाच्या अंगावरून निसटते, त्याचा उपयोग होत नाही.

मग आमची विनंती काय

बोटी बाळगणारे लोक एक ठोकताळा सांगतात. बोटीच्या किमतीचा सुमारे दहावा भाग दरवर्षी तिच्या देखभालीला बाजूला ठेवावा. आपल्याला हा आकडा परका नाही, तो दशांशच आहे. त्यात इंधन आणि नावाड्यांचे मानधन धरलेले नाही. दहा वर्षे चाललेल्या बोटीवर तिच्या किमतीएवढा खर्च पुन्हा होतो. नवी बोट आली की फोटो निघतो, प्रार्थना होते, रिबन कापली जाते. चौथ्या वर्षीच्या रबरी चक्रीसाठी कोणी वर्गणी काढत नाही. देखभाल न झालेली बोट काठावर पडून राहते आणि पाड्यातले लोक पुन्हा झोळी घेऊन डोंगर चढू लागतात.

म्हणून आमच्या समितीने असे ठरवले आहे. दुसरी बोट आताच घेऊ नये. जमलेल्या वर्गणीतून प्रथम मुलांच्या मापाची जाकिटे, दुसऱ्या नावाड्याचे प्रशिक्षण व प्रमाणपत्र आणि एक सुटे मशीन घ्यावे. उरलेली रक्कम आहे त्या बोटीच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी वेगळ्या खात्यात राहील. तिचा हिशेब दर अंकात छापू. तीन वर्षे हे नीट निभावले आणि पाड्यातल्या मंडळींनी बोटीची समिती स्वतः चालवली, तर दुसऱ्या बोटीचा विचार त्यांच्यासोबत बसून करू. महिला मंडळाच्या भगिनींना हे पत्राने कळवले आणि त्यांनी आनंदाने मान्य केले.

प्रार्थनेसाठी विषय

१. आपल्या दोन्ही नावाडी बांधवांच्या सुरक्षिततेसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी.
२. येत्या पावसाळ्यात नदीकाठच्या पाड्यांतल्या गरोदर माता आणि लहान बालके यांच्यासाठी.
३. भूषाच्या दुर्घटनेत आपली माणसे गमावलेल्या घरांच्या सांत्वनासाठी.
४. पाड्यांपर्यंत रस्ते लवकर पोहोचावेत यासाठी. ते पोहोचले आणि आपली बोट कमी लागली, तर त्याबद्दलही आपण देवाचे आभारच मानू.

सेवेतील आपली बहीण